यादीत नसलेलं

कोरिननं साठ दिवस आधीच टेबलं धरून ठेवली होती.
ओपलला शेंगदाणा चालत नाही,
बाबांच्या कवळीला कडक काही नको,
उंच खुर्ची हवी, गोंगाट नको, बाथरूम लांब नको,
आणि बिल असं नको
की ओहायोला परतल्यावर झोप उडेल.
वहीत तीन रंगांच्या पेनांनी आखलेला आठवडा.

आणि आज, वाढदिवसाच्या त्या महागड्या जेवणात
माणसाएवढं अस्वल हात पसरून टेबलापाशी आलं,
तशी ओपल जी टेबलाखाली गेली
ती केक संपेपर्यंत वर आलीच नाही.
अस्वल ओशाळून उभं.
आतून कुणीतरी हळूच म्हणालं, "सॉरी हं."

आता रात्रीचे साडेनऊ.
किसिमीच्या हमरस्त्यावर, पेट्रोल पंपाला चिकटून
हे पॅनकेकचं दुकान.
यारित्झानं फार विचारलं नाही.
शेंगदाण्याचं कानावर पडताच आत गेली,
तवा घासल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.
बाबांच्या टोस्टच्या कडा
न सांगताच कापलेल्या.

ओपल अर्ध्या घासावर बाकावर कलंडली,
एक बूट पायात, दुसरा सिरपच्या बाटलीशेजारी.
वेंडेलनं नातीवर जाकीट टाकलं
आणि बशी लेकीकडे सरकवली.

कोरिननं वही उघडली. पेन शोधलं.
कुठल्याच रंगाचं सापडेना.

मग ती जेवली,
चार दिवसांत पहिल्यांदा
ताटातून वाफ निघत असताना.