पाना

हिलालच्या सायकलीला पाना बांधलेला असायचा,
सुती पट्टीनं, दांडीला.
पहाटे चारला बोरीकाठच्या विहिरीवरची मोटार,
मग खालची आळी, मग भिलाटी,
शेवटी स्वतःची गल्ली.
तोवर टाकीनं तळ गाठलेला असायचा
आणि शेवंता शेजारून हंडाभर मागायची.

कुणी सांगितलं नव्हतं. पगार नव्हता.
वॉल गळतोय, हा उभा.
मयताला लाकडं कमी, हा उभा.

'मंग आते इलेक्शनले उभा ऱ्हाय,'
नथ्थू अप्पा म्हणाला,
'तुले सवय शे.'

चिन्ह नळ मागितलं, मिळाली कपबशी.
चहा न पिणारा माणूस
दारोदार कपबशी दाखवत हिंडला.
एकवीस मतांनी आला.
गुलाल तीन दिवस कानात होता.

आता शिक्का आहे, खुर्ची आहे,
समोर माणसं उभी.
'बठा ना, बठा,' म्हणतो
आणि स्वतःच उठतो,
पंचायतीत धड खुर्ची एकच.

वॉल आता झिपरूचा पोरगा फिरवतो.
परवा पहिल्यांदा
सरपंचाच्या गल्लीत आधी पाणी आलं.
शेवंतानं हंडा लावला नाही.
अंधारात, चाचपडत,
ती पाना शोधू लागली.