खरखर कुठवर कापायची

कुटबणचा धक्का. जुलै संपायला चार दिवस.
ट्रॉलर अजून झावळ्यांच्या झापांखाली,
‘सांत पेद्रू’चं पोट खरवडून झालेलं, रंग ओला.
पिशवीत सोल्डरिंग गन, दोन फ्यूज, बारा मीटर केबल घेऊन
मी डोलकाठी चढते.
खालून इनास तांडेल ओरडतो, “चेडूं पडटलें!”
पडत नाही.
रेडिओच्या पोटात हात घालूनच मी मोठी झालेय.

अँटेना शेंड्यावर. जेवढी उंच, तेवढं लांबचं ऐकू येतं.
सगळा सरळ रेषेचा मामला,
डोंगराआडचं तिला कळत नाही.
केबल केबिनमध्ये शिरते तिथे आधी एक झोळ खाली सोडायचा,
म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं, आत येत नाही.

सेट होकायंत्राशेजारी नको, मी म्हणते.
कित्याक? जागा तर तेवढीच.
मी स्पीकर काट्याजवळ नेते.
शेजारचं भांडण ऐकायला वळावी
तशी काटा मान वळवतो.
इनास काही बोलत नाही.
सायबिणीच्या तसबिरीचा खिळा उपटतो,
तिला होकायंत्राजवळ सरकवतो, तिच्या जागी सेट.
“हिका चुंबक ना.”

बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.
एवढंच आहे,
आणि एवढंच जमत नाही.
इनास बोलतो, बोलतो, अंगठा दाबलेलाच;
पलीकडच्या बोटीवर हातातला सेट घेऊन
मी त्याला उत्तर देतेय, देतेय.
जाळ्याला शिसं ओवणारी पिएदाद
मान वर न करता म्हणते,
“घरीही असंच. बत्तीस वर्षं.”

मग बिरांची.
गंजामचा खलाशी, ओठांवर नुकती लव,
कोकणी शिव्यांपुरती, हिंदी पगारापुरती.
समोरच्याचं नाव तीनदा घेतो, मग आपल्या बोटीचं,
आणि अंगठा उचलून थांबतो,
परक्या दारात चपला काढून थांबावं तसा.
मी त्यालाच शिकवते सोळा नंबर:
तिथे गप्पा नाहीत, भाव नाही,
बांगडा कुठे लागला ते तर नाहीच.
तिथे फक्त हाक.
आणि तो एक शब्द, जो तीनदा म्हणायचा,
मी पुठ्ठ्यावर लिहून देते: मेडे.
खाली तो ओडियात लिहितो,
अक्षरं तिसऱ्यांसारखी गोल, मिटलेली.
हा सरावाला म्हणायचा नाही बरं.
तो नुसते ओठ हलवतो.

शेवटचा खटका खरखरीचा.
पिळत जायचं, खरखर मरते तिथे थांबायचं.
अजून पिळलं तर जास्त निवांत वाटतं,
पण कुणी लांबून, मरायला टेकलेल्या बॅटरीवर बोलत असेल
तर तोही त्या निवांतपणात बुडतो.
इनास कान लावतो. पुढे, मागे, परत पुढे.
“उरूं दी मात्शी,” म्हणतो. “माका धांवता.”

ऑगस्टची एक तारीख.
फटाक्यांची माळ, पाद्रीनं शिंपडलेलं पाणी,
उरलेल्या पैशांऐवजी सुंगटं द्यायचा वायदा.
बेतूलच्या मुखाशी एकेक बोट लाटेवर नाक उचलते,
आणि माझ्या हातातल्या सेटवर बिरांची,
शब्द मोजून, परीक्षेला बसल्यासारखा:
सांत पेद्रू. आवाज येतोय का? ओव्हर.
येतोय, मी म्हणते. साफ. ओव्हर.
अंगठा सोडते.

मग ती टेकडीआड वळते.
अर्धं वाक्य येतं, त्याचं शेपूट येत नाही.
मी खटका थोडा उलटा फिरवते, खरखर आत येऊ देते,
मडगावची बस येईपर्यंत
ती तशीच कानाशी धरून
सुक्या मासळीच्या वासात उभी राहते.