कलम सात

नवी पेठेतल्या मंडळाच्या खोलीत
पंखा फिरतो, इतिवृत्ताची पानं हलतात.
तेजल गव्हाणेचा अर्ज वरच:
निवड चाचणीत पहिली, यादीत नाही.
तालुक्यानं जिल्ह्याला खो दिला,
जिल्ह्यानं राज्याला,
राज्यानं पुन्हा तालुक्याला.
तोवर तिचं अठरावं सरलं.

मसुदा लिहायला मला बसवलंय,
बावीस वर्षं मैदानात शिट्टी फुंकलेल्याला.
तक्रारीचा निकाल तीस दिवसांत.
ज्याचा पुतण्या संघात, तो सुनावणीबाहेर.
इथवर सगळे माना डोलावतात.

मग कलम सात:
दोन मुदती झाल्या की खुर्ची सोडायची.
कार्यवाह चहा मागवतात.

तेजल दारात उभी, गुडघ्यांना माती.
म्हणाली, काका, आमच्यात
पाठीवर थाप पडली
की उठावंच लागतं.