गोटी

सकाळी साडेसातला, वाचक यायच्या आधी,
मी खिशातली काचेची गोटी काढते
आणि एल्डरकर्क कॉलेजच्या लायब्ररीत
दाराशी, ओकच्या फळीवर ठेवते.
ढकलत नाही. नुसती सोडते.
ती जरा विचार करते,
मग निघते,
कायद्याला वळसा घालून,
वैद्यकाच्या पायाशी थोडी रेंगाळून
उत्तरेच्या तिसऱ्या खिडकीखाली जाऊन थांबते.
रोज तिथंच.

गोटी बाबांच्या कोटात सापडली.
एकतीस वर्षं त्यांनी या इमारतीचा बॉयलर पेटवला,
घरी एकही पुस्तक आणलं नाही.
म्हणायचे, जमीन कुठं बसलीय
ते नकाशाला विचारू नकोस.

माझा पगार नकाशाचा.
अहवालाचं पहिलं पान: सन १६१४.
कॉलेजकडे पैसा नव्हता, म्हणून
खालचा मजला हेरिंगच्या वखारीला भाड्यानं,
वरचा विद्येला.
पॅट्रिक हालक्रो नावाच्या सुतारानं
मोडीत निघालेल्या जहाजाचं लाकूड छताला लावलं;
तुळयांत अजून भोकं आहेत
ज्यांच्यात काहीच जात नाही,
गेल्या जन्मीच्या खिळ्यांची.
दिवा आणायला सक्त मनाई.
म्हणून उत्तरेला नऊ खिडक्या, दक्षिणेला नऊ,
दोन कपाटांत एक खिडकी,
एका खिडकीत एक बाक,
बाकावर एक थंडीनं काकडलेला पोरगा, माशांच्या वासात,
आणि हिवाळ्यात दुपारी साडेतीनला
सूर्य बुडाला की
सगळे अडाणी.

मग १७३८. लेडी ग्रिझेलच्या नवऱ्याचा संग्रह:
धर्मशास्त्र, तीन हजार खंड, कातडी बांधणी,
अट अशी की एकत्र ठेवायचे, कधी ताटातूट नको.
उत्तरेची भिंत भरली. पाच खिडक्या विटांनी बुजवल्या.
पुस्तकं वाढत गेली
तसं वाचणं अवघड होत गेलं.

या सगळ्यात माझा आवडता कागद
हिशेबाच्या वहीत दुमडलेला होता,
वखारवाल्या एफी मकरायचा, १७६१:
'तुमचं धर्मशास्त्र माझ्या पिंपांवर बसतंय.
छत चार बोटं खाली आलंय.
भाडं कमी करा,
नाहीतर देव कमी करा.'

उत्तर सापडत नाही.
ऐंशी वर्षांनी बीडाचा एक खांब सापडतो,
खालच्या मजल्यावर, बरोबर तिथं,
माशांच्या मिठानं खालून खाल्लेला,
तरी उभा.

१९११मध्ये धर्मशास्त्र तळघरात गेलं.
उचलायला बावीस हमाल, चार दिवस.
लेडी ग्रिझेलच्या अटीचं काय झालं, नोंद नाही.
मागाहून कुणीतरी विटा काढल्या,
तिसऱ्या खिडकीतून समुद्र आत आला
आणि रिकाम्या जागी उजेड पडला.
फळ्यांना वाटलं असेल, आता सरळ व्हायचं?
झाल्या नाहीत.
मी मोजलं: नऊ सेंटिमीटर.
शंभर वर्षांपूर्वी उतरवलेलं ओझं
त्या अजून धरून आहेत.

इंजिनिअर म्हणतो, जॅक लावू, पोलाद घालू,
सहा आठवड्यांत पाण्यासारखी सपाटी.
खरं आहे त्याचं. खांब खरंच सडलाय.
'शिफारस' या रकान्यात
मी तीन दिवस टोपण न उघडलेलं पेन टेकवतेय.
मनात येतं, नंतर दाराशी गोटी ठेवली
तर ती तिथंच बसेल,
कुठंच न बोलावल्यासारखी.

आठ वाजता पहिल्या वर्षाचा एक पोरगा येतो,
केस ओले, हातात टोस्ट (बंदी आहे),
खिडकीशी बसतो, वाकून गोटी उचलतो.
'तुमची का?'
हो म्हणते.
त्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड पडतो तिथं;
त्यानं खाली बसच्या तिकिटाची घडी सरकवलीय,
सवयीनं, न बघता.
मी वाकून नोंदवून घेते:
खुर्ची क्रमांक चौदा, उत्तर बाजू,
तिकीट, चार पदरी,
पुरेसं.