कलम तीन, पोटकलम ख

मसुदा सातवा. टाल्लिनच्या कचेरीत
चार वाजताच अंधार, आणि मी अजून
व्याख्येपाशीच अडलेली:
‘विघटनशील म्हणजे’

म्हणजे काय, हे विचारायला हेल्वे रान्नामेत्स आली,
सारेमा बेटावरून, पहाटेची फेरीबोट धरून.
कंपोस्टच्या आवारात एकोणीस वर्षं.
बादली सरळ टेबलावर ठेवली,
अहवाल आणि कॉफीच्या कपांच्या मधोमध.

बादलीत काळी माती. मातीत
जेवायचा एक काटा, मक्यापासून केलेला,
दोन हिवाळे पुरलेला.
चारही दाते शाबूत.
“घ्या, जेवा,” म्हणाली.

कंपनीचे ओट सिल्ड फार सभ्य गृहस्थ.
अठ्ठावन्न अंश, बारा आठवडे,
प्रमाणपत्र आहे, म्हणाले.
हेल्वेनं खिडकीकडं पाहिलं. बाहेर उणे नऊ.
“माझ्या ढिगाला वाचता येत नाही.”

कुणी हसलं नाही.
म्हणजे मी हसले, मान खाली घालून.

रात्री क्रियापदं मांडून बसले.
सडणं. कुजणं. झिजणं. विरणं.
झिजलेलं असतंच की कुठंतरी,
बारीक होऊन, हेरिंगच्या पोटात.
विरलेलं फक्त दिसत नाही.
मला हवं होतं जिरणं,
पाणी जिरतं तसं, एखाद्याची रग जिरते तसं,
मागं काही न उरता.
पण कायद्याला ‘तसं’ चालत नाही.
त्याला अंश लागतात, दिवस लागतात,
माती कुणाची ते लागतं,
आणि नाही जिरलं तर दंड कुणी भरायचा.

मी लिहिलं:
‘वस्तू प्रत्यक्षात जिथं पडेल, तिथल्या थंडीत.’

‘प्रत्यक्षात’वर अकरा बैठका झाल्या.
नवव्या मसुद्यात तो शब्द गेला,
बाराव्यात परत आला, कंसात,
मग कंस गेले.
शेवटी एक ओळ हेल्वेच्या हट्टापायी:
दर चार वर्षांनी हे कलम
उकरून पाहावं.
सिल्डसाहेबांनी ‘उकरून’ खोडून ‘पुनर्विलोकन’ केलं.
असू दे.

काटा माझ्याकडंच राहिला.
खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत खुपसून ठेवलाय.
अधूनमधून पेन्सिलीनं माती बाजूला करते.
एका दात्याचं टोक, वाटतं, जरा मऊ झालंय,
की माझंच बोट थंडीनं बधिर, कोण जाणे.
निवृत्त होताना फायलींबरोबर
कुंडीही पुढच्याच्या नावे करीन.
पाणी बेतानं घालावं, असं लिहून.