आवाज येतो

फेब्रुवारीत समुद्र गोठतो,
तुर्कूच्या धक्क्यावर बेटांकडे जाणाऱ्या बोटी निम्म्यावर येतात
आणि गुडघा गेलेल्या मेकॅनिकला खुर्ची मिळते.

विल्या शिकवते. माझ्या धाकट्या लेकीहून चार वर्षांनी लहान.
"तैस्तो, शोधायचं म्हणजे आठवत बसायचं नाही," ती म्हणते,
"अट घालायची."

बरं. अट.
एकतीस वर्षं मी बोटीवर कुणाला अट घातली नाही,
इंजिनाला तर नाहीच.

पहिल्या दिवशी लिहिलं: पंप.
चार हजार एकशे बारा तिकिटं.
प्रत्येक पंप कधी ना कधी रुसलेला,
प्रत्येकाची तक्रार कुणीतरी नोंदवलेली.
कॉफी निवली तरी मी खालीच सरकत होतो.

मग 'आणि'.
'आणि' म्हणजे चढायची अरुंद फळी,
एका वेळी एकानेच यायचं, तिकीट दाखवून.
'किंवा' म्हणजे बोटीचा पुढचा जबडा उघडणं:
गाड्या, सायकली, कुत्री, लाकडाचा ट्रक,
सगळं आत.

मागितलं होतं, गळती किंवा गंज, आणि अजून उघडं असलेलं.
कंस द्यायचा राहिला.
तर आजवरची प्रत्येक गळती परत आली,
मीच बुजवलेल्यासुद्धा,
ज्या बोटी भंगारात निघाल्या त्यांच्यासुद्धा.
विल्या हसली नाही. नुसते दोन कंस टाकले,
आणि पाणी ओसरलं.

गुरुवारी राइमो पाठीच्या ऑपरेशनला गेला.
मी लिहिलं: राइमोची नसलेली सगळी दाखव.
एकसष्ट आली.
कमी वाटली. हाताला कळतं, नट पुरता बसला नाही की.

"राइमोची नसलेली म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी असलेली," विल्या म्हणाली.
"ज्यांच्यापुढे नावच नाही,
त्यांना हा प्रश्न ऐकू जात नाही.
रिकामं वेगळं मागावं लागतं."

खिडकीबाहेर बर्फ फोडणारी बोट एकाच वाटेने
पुन्हापुन्हा जात होती.

मग मी सावकाश, एका बोटाने लिहिलं:
नेमणूक रिकामी.
सर्वांत जुनं आधी.

सतरा.
पहिलं अकरा वर्षांपूर्वीचं, डिसेंबर, पहाटे चार वाजून दहा.
नोंदवणारा: मी.
मजकूर दोन शब्दांचा.
आवाज येतो.

कुठल्या बोटीत ते नाही. कसला, तेही नाही.
बोटं ग्रीसने माखलेली असणार,
किंवा वाटलं असेल, वाचणाऱ्यालाही येतच असेल की.

"बंद करू?" विल्याने विचारलं. "अकरा वर्षं झाली."
"थांब," म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत 'लिन्नेआ'वर गेलो.
त्या हिवाळ्यात बहुधा हिच्यावरच होतो. बहुधा.
इंजिन थंड. कान लोखंडाला लावला.
बर्फ बाहेरून घासत होता, तो धरायचा नाही.
वर कुणीतरी बादली ठेवली, तीही नाही.
मग काहीतरी वाजलं,
पण तो माझा गुडघाही असेल.

परत येऊन रिकाम्या चौकटीत माझं नाव टाकलं.
स्टेटस तसंच ठेवलं, उघडं.
खाली एक ओळ लिहिली:
कुठल्या बोटीत, नोंदवणाऱ्याला विचारलंय.
उत्तराची वाट पाहतोय.

अजून सोळा आहेत.