अठ्ठावन्न सेंटिमीटर

नाना पेठेत पार्किंग मिळालं, हेच नवल.
तांबोळींच्या गळ्यात शिंप्यासारखी टेप.
निहारच्या भुवयांवरून नेऊन
मागच्या उंचवट्यावरून जुळवली: अठ्ठावन्न.

जन्मला तेव्हा चौतीस होतं.
सिस्टरनं कार्डावर लिहिलेलं, निळ्या शाईत.

त्याला ते शिंगंवालं हवंय, काळं.
"ते दंड चुकवायला बरं," तांबोळी म्हणाले,
"डोक्याला हे घाल."

घालताना कान दुमडले.
गाल चेपून ओठांचा चंबू झाला,
दूध नको म्हणतानाचा.
"घट्ट होतंय."
"व्हायलाच पाहिजे. स्पंज महिन्यात बसतो.
आता मान हलव. जोरात नाही म्हण."
नाही म्हणायची सवय आहेच त्याला.
हेल्मेटबरोबर गालाची कातडीही फिरली.

हनुवटीच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली मी.
तिसरं जात नव्हतं.

टाळू भरायचे तेव्हा
तिथे ठोका दिसायचा, कातडीखाली,
तेलाचं बोट टेकवताना मी श्वास धरायचे.
आता तिथे थर्माकोल,
वर कवच, कवचावर आयएसआयचा छाप
आणि किमतीचं स्टिकर, जे निघता निघत नाही.

पायरी उतरताच कोपरात अडकवलं त्यानं,
अख्ख्या पुण्यासारखं.
"निहार."
घातलं. पट्टा टक्‌ वाजला.
मी स्कार्फची गाठ मारत होते.
काच वर करून तो बघत राहिला:
"आणि तुझं?"

पुन्हा पायरी.
तांबोळींनी टेप काढली,
माझ्या डोक्यामागे जरा थांबले.
"अंबाडा सोडावा लागेल, ताई."